यूएसबी मायक्रोस्कोप: पटीपेक्षा दिवा महत्त्वाचा

खोक्यावर ठळक अक्षरांत '१०००एक्स' छापलेला, तोंडाशी आठ पांढऱ्या एलईडींचं कडं आणि वायरीवर उजेड कमी-जास्त करायचं चाक असलेला जो यूएसबी मायक्रोस्कोप सध्या सगळीकडे दिसतो, त्याच्याबद्दल लिहितेय. हेच यंत्र पाच-सहा नावांनी विकलं जातं. खोकी वेगळी, आतला माल एकच, त्यामुळे नावात अडकायचं कारण नाही. मला तो अडीच हजारांच्या आत पडला. मोबाइल दुरुस्तीवाले त्याखाली सोल्डरिंग तपासतात, शाळेतली मुलं मिठाचे दाणे बघतात. मी तो घेतला अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातल्या चांदीच्या नाण्यांसाठी, मुख्यतः १८०७ ते १८३६ या काळातल्या अर्ध्या डॉलरसाठी. नाण्यावर दिसणारी डायची, म्हणजे नाणं पाडायच्या पोलादी ठशाची, चीर ओळखायची, आणि ते नाणं पुढच्या-मागच्या डायच्या नेमक्या कोणत्या जोडीतून निघालं ते ठरवायचं, एवढंच काम.

निकाल आधीच सांगते. घ्या. पण बरोबर आलेलं स्टँड वापरू नका, त्याचे एलईडी बंद ठेवा, आणि हे यंत्र घेण्याआधी दहा पटीचं एक चांगलं भिंग घ्या.

आता कारणं. मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका प्रेस शॉपमध्ये इन्स्पेक्शनला होते. प्रत्येक लॉटचा पहिला पीस आणि शेवटचा पीस माझ्या टेबलावर यायचा. पहिल्या पिसावरून सेटिंग कळतं, शेवटच्या पिसावरून डायची तब्येत. पिसावर केसाएवढी उठलेली रेष दिसली की मी टूल रूमला कळवायची, "डाय उतरवा, तडा गेलाय." हे माझं रोजचं काम होतं, आणि म्हणूनच भाच्याने अमेरिकेतल्या एडिसनहून येताना आणलेला पहिला अर्धा डॉलर हातात घेतल्यावर माझं लक्ष त्यावरच्या बाईच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवीच्या, चेहऱ्याकडे गेलंच नाही. ते गेलं ताऱ्यांमधून जाणाऱ्या एका वाकड्यातिकड्या रेषेकडे. भाचा म्हणाला, "मावशी, ओरखडा आहे गं तो, म्हणून तर स्वस्त मिळालं." मी बोट फिरवून त्याला म्हटलं, "ओरखडा असता तर आत गेला असता. ही रेष वर आलीय. ही डाय फुटत होती."

ज्यांनी प्रेस शॉप पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नाण्याची डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा, त्यावर चित्र उलटं आणि खोल कोरलेलं. मऊ पोलादावर नक्षी उमटवायची, मग ते तापवून पाणी द्यायचं. पाणी जास्त झालं तर पोलाद ठिसूळ होतं, कमी पडलं तर डाय दाबाखाली खचते. बरोबर मधलं माप साधणं ही तेव्हा सर्वस्वी कारागिराच्या नजरेची गोष्ट होती, तापलेल्या पोलादाच्या रंगावरून ठरणारी. अशी डाय शेकडो-हजारो वेळा चांदीवर आदळली की कुठेतरी तडा जातो. पुढच्या ठोक्याला चांदी त्या तड्यात शिरते आणि नाण्यावर उठलेली रेष येते. तडा सुटतो तो बहुतेक वेळा टोकदार कोपऱ्यातून. आम्ही आमच्या डायमध्ये आतल्या कोपऱ्यांना रेडियस, म्हणजे गोलाई, द्यायला सांगायचो ते याचसाठी. नाण्याच्या डायवर रेडियस कुठून देणार? ताऱ्याला टोकं हवीत, अक्षरांना पाय हवेत. म्हणून या अर्ध्या डॉलरवर चिरा कायम ताऱ्यांच्या टोकांतून, अक्षरांच्या डोक्यांवरून, सनाच्या आकड्यांमधून पळताना दिसतात.

आणि ही नाणी पाडणाऱ्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत डाय उतरवायची घाई नव्हती. चांगलं पोलाद महाग, डाय हाताने करायची, त्यामुळे तडा गेला तरी ती चालवत. काठाकडचा तुकडा उडून नाण्यावर त्या जागी चांदीचा नुसता गोळा येईपर्यंत चालवलेल्या डाय आहेत. दुरुस्तीचीही तीच तऱ्हा. १८०७च्या एका डायवर कारागिराने '५०'ऐवजी '२०' ठोकलं आणि मग दोनावर पाच ठोकून काम भागवलं. १८१३च्या एका डायवर '५० सी'च्या (पन्नास सेंटच्या) जागी 'युनायटेड'ची पहिली तीन अक्षरं ठोकली गेली, आणि त्यावरच '५० सी' उमटवलं. १८१५ साल घातलेले सगळेच्या सगळे अर्धे डॉलर १८१२च्या डायवर दोनाचं पाच करून पाडलेले आहेत. माझ्या टेबलावर असा पीस आला असता तर मी लाल टॅग लावला असता. आज मात्र तोच पीस माझ्यासाठी सगळ्यात बोलका आहे, कारण डाय टाकून दिली असती तर त्या टूल रूममध्ये काय चाललं होतं ते कळायला दुसरा मार्गच राहिला नसता.

नाण्यांचे प्रकार पडतात तेही हातकामामुळे. बाईचा चेहरा आणि गरुड ही मोठी चित्रं एका मूळ ठशावरून डायवर दाबली जात, पण तारे, आकडे, अक्षरं एकेक पंच धरून, हातोड्याने ठोकून उमटवत. तेरा तारे, सात डावीकडे, सहा उजवीकडे. प्रत्येक डायवर ते केसभर इकडे किंवा तिकडे. त्या केसभराच्या फरकांवरून अल ओव्हरटन यांनी १९६७मध्ये अर्ध्या डॉलरच्या डायच्या जोड्यांची क्रमवार यादी छापली. आजही संग्राहक नाण्याला ओ-१०१, ओ-१०२ असाच क्रमांक लावतात. १८०७ ते १८३६ या टोपीवाल्या बाईच्या अर्ध्या डॉलरमध्ये साडेचारशेच्या आसपास जोड्या आहेत. त्याच जोडीची चीर पडल्यानंतरची अवस्था असेल तर क्रमांकापुढे 'ए', 'बी' लागतो. १८०७चा ओ-१११बी प्रसिद्ध आहे तो हनुवटीपाशी गेलेल्या चिरेमुळे. चीर अशी पडली की बाईला दाढी आल्यासारखी दिसते, आणि संग्राहक तिला दाढीवाली देवी म्हणूनच ओळखतात.

या कामाला कोणतं अवजार लागतं, हे यावरूनच ठरतं.

पहिलं अवजार भिंग. जांभळी नाक्याजवळच्या सराफी सामानाच्या दुकानात '३० गुणिले २१' असं कोरलेलं चकचकीत भिंग स्वस्तात मिळतं, आणि मी ते मुद्दाम मोजून पाहिलं. हिशोब सोपा आहे. उघड्या डोळ्याचं वाचायचं अंतर २५० मिलिमीटर धरतात, त्याला भिंगाच्या केंद्रांतराने भागायचं. तीस पटीच्या भिंगाला नाण्यापासून आठ-साडेआठ मिलिमीटरवर धरायला हवं. हे भिंग स्पष्ट दिसत होतं जवळजवळ पंचवीस मिलिमीटरवर. म्हणजे ते दहा पटीचं. पट खोटी असली तरी दहा पट पुरेशी आहे, तक्रार तिची नाही. तक्रार आहे कडांची. काच एकेरी असल्यामुळे मधला भाग सोडला तर कडेला रेषा वाकतात आणि चांदीच्या कडेला जांभळी-पिवळी किनार येते. सरळ रेष वाकडी दाखवणारं अवजार इन्स्पेक्शनला बाद. तीन काचा एकत्र चिकटवलेलं ट्रिपलेट भिंग घ्या. थोडं महाग पडतं, पण कडेपर्यंत रेष सरळ राहते. दहा पटीच्या वर जाऊ नका. सात पटीचं मिळालं तर नाण्यांसाठी ते अधिक सोयीचं, कारण एका नजरेत जास्त भाग येतो. डायची जोडी ओळखताना तारा आणि नाण्याच्या काठालगत गोल फिरणारे बारीक दाते दोन्ही एकाच वेळी दिसायला हवेत. एकटा तारा कितीही मोठा दिसला तरी तो कोणत्या दात्याकडे रोखलाय ते कळत नाही.

आता मायक्रोस्कोप. '१०००एक्स'चं काय करायचं? माझ्याकडे अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची पोलादी पट्टी आहे, ती खाली ठेवली. आरामात दिसेल असा फोकस लावल्यावर पट्टीचे आठ मिलिमीटर लॅपटॉपच्या पडद्यावर सुमारे ३२० मिलिमीटर रुंदीत पसरले. म्हणजे चाळीस पट. पडदा मोठा घेतला की पटही वाढते, पण दिसणारा तपशील तेवढाच राहतो, कारण कॅमेऱ्याचं चित्र १६०० बाय १२०० ठिपक्यांचं आहे. आठ मिलिमीटरला १६०० ठिपके, म्हणजे एका ठिपक्यात पाच मायक्रॉन. चिरेसाठी हे भरपूर आहे. अगदी बारीक चीरसुद्धा यापेक्षा कितीतरी रुंद असते. चाक फिरवून पट वाढवत नेली की तोंड नाण्याला जवळजवळ टेकतं, आणि त्याचं कडक प्लॅस्टिक चांदीवर घासलं तर दोनशे वर्षं टिकलेल्या पृष्ठभागावर नवा ओरखडा येईल. मी वीस ते चाळीस पटीच्या पलीकडे जात नाही. त्यापलीकडे बघण्यासारखं काही नाहीही.

स्टँड बाद, हे स्पष्टच सांगते. प्लॅस्टिकचा तळ, वाकणारी मान, आणि टेबलाला नुसता हात लागला तरी पडद्यावर भूकंप. वर्तकनगरच्या आमच्या बिल्डिंगखालून बस गेली तरी चित्र हलायचं. मी जुन्या शॉपमधल्या टर्नर दादांकडे गेले, ते अजूनही वागळे इस्टेटमध्ये जॉब वर्क करतात. मी कागदावर बारा मिलिमीटरचा रॉड काढून नेला होता. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "ताई, सोळाचा घ्या, बाराचा डुलेल." दहा मिलिमीटरची एमएस (माइल्ड स्टील) प्लेट, सोळाचा रॉड, वर-खाली सरकणारा ब्रॅकेट, नायलॉनचा घट्ट करायचा स्क्रू. खाली रबराचे पाय. आता बस जाऊ दे नाहीतर वरच्या मजल्यावर ड्रिल चालू दे, चीर जागची हलत नाही. या एका गोष्टीने यंत्राची किंमत माझ्या लेखी दुप्पट झाली.

पण खरी गोष्ट उजेडाची. तोंडाशी असलेलं एलईडींचं कडं सगळीकडून सारखा उजेड टाकतं. सारखा उजेड म्हणजे सावली नाही, आणि सावली नाही म्हणजे उठाव दिसत नाही. वर चांदी चमकते ती वेगळीच. पडद्यावर आठ पांढरे ठिपके दिसतात आणि चीर गायब. त्यामुळे वायरीवरचं चाक शून्यावर न्या. टेबललॅम्प घ्या, त्याच्यापुढे ट्रेसिंग पेपर लावा म्हणजे उजेड मऊ पडेल, आणि तो अगदी आडवा, नाण्याच्या पातळीपासून थोडासाच वर ठेवा. मग नाणं हळूहळू फिरवा. जी चीर उत्तर-दक्षिण जाते ती पूर्वेकडच्या उजेडात उठते, आणि उजेडाच्याच दिशेने गेलेली चीर दिसतच नाही. नाणं पूर्ण फिरवल्याशिवाय 'चीर नाही' असं म्हणायचं नाही. एवढं केलं की दहा पटीच्या भिंगालाही तीच चीर स्वच्छ दिसते, हे ध्यानात घ्या.

उजेडाची एक फसवणूकही आहे. उजेड चित्राच्या खालच्या बाजूने आला की डोळ्याला उठाव खड्डा वाटतो आणि खड्डा उठाव. लॅपटॉपवर तर हे हमखास होतं, कारण दिवा कुठे आहे ते पडद्यावर दिसत नाही. उपाय सोपा. त्याच चित्रात एखादं अक्षर येऊ द्या. या अर्ध्या डॉलरच्या दोन्ही तोंडांवर अक्षर उठावाचंच असतं. अक्षराची सावली ज्या बाजूला पडते त्याच बाजूला रेषेची पडली तर रेष उठलेली, उलट बाजूला पडली तर रेष खोल.

रेष उठलेली आहे म्हणून ती चीरच, असंही नाही. इथे मायक्रोस्कोपने मला खरी मदत केली. ओरखड्याच्या दोन्ही काठांना सारलेल्या धातूचे बारीक वरंबे असतात आणि मधे चर असतो. भिंगातून कधी कधी तो वरंबाच उठलेली रेष वाटतो, चाळीस पटीला मात्र चर उघडा पडतो. चिरेचा माथा गोलसर, दिशा वेडीवाकडी, आणि रंग आजूबाजूच्या चांदीसारखाच, कारण ती नाण्याच्या जन्मापासून तिथे आहे. डाय घासून साफ केल्याच्या रेषाही नाण्यावर उठलेल्याच येतात, पण त्या सरळ, बारीक, एकमेकींना समांतर असतात आणि नक्षीच्या कडेला येऊन थांबतात. डायवर नक्षी खोल असल्यामुळे घासणारा दगड तिथे पोचत नाही. चीर नक्षीला जुमानत नाही, ताऱ्यातून आत शिरते आणि पलीकडे निघते. तिसरा प्रकार आपटीचा. मधे चांदीची चकती न पडता दोन डाय एकमेकींवर आदळल्या की समोरच्या डायची नक्षी या डायवर उमटते. मग बाईच्या बाजूच्या मोकळ्या जागेत गरुडाच्या ढालीच्या रेषा पुसट दिसतात. अशा रेषा चिरा म्हणून मोजू नयेत. दुसऱ्या बाजूचं चित्र आरशात धरून ताडून पाहिलं की लगेच ओळखू येतात.

नाणं ओळखायचा माझा क्रम असा. आधी नुसत्या डोळ्यांनी पूर्ण नाणं. मग भिंगाने बाईच्या बाजूला पहिला आणि शेवटचा तारा कोणत्या दात्याकडे रोखलाय ते, आणि सनाचे आकडे एका ओळीत आहेत की एखादा खाली घसरलाय ते. मग गरुडाची बाजू. गरुडाच्या डोक्यावरच्या फितीवर 'ई प्ल्युरिबस युनम' हे लॅटिन ब्रीदवाक्य असतं. त्यातल्या 'प्ल्युरिबस'मधलं 'आय' हे अक्षर वरच्या 'स्टेट्स'मधल्या 'टी'च्या डाव्या अंगाखाली येतं, मधोमध येतं की उजवीकडे, यावरून यादीतल्या निम्म्याहून अधिक मागच्या डाय एका झटक्यात गळतात. मग ढालीच्या उभ्या पट्ट्या वरच्या आडव्या रेषांत किती घुसल्यात ते, आणि '५० सी'मधलं अंतर. इतकं झाल्यावर दोन-तीन क्रमांक उरतात. तेव्हा कुठे मी मायक्रोस्कोप लावते. त्याआधी लावला तर आठ मिलिमीटरच्या खिडकीत आपण नाण्याच्या कोणत्या कोपऱ्यात आहोत तेच कळत नाही आणि वेळ जातो.

चिरा मात्र मायक्रोस्कोपखालीच वाचाव्यात, कारण त्यांच्यातून काळाचा क्रम मिळतो. तडा फक्त वाढतो, कमी होत नाही. एकाच डायची दोन नाणी शेजारी ठेवली आणि एकात चीर तिसऱ्या ताऱ्याशी थांबते, दुसऱ्यात पाचव्या ताऱ्यापर्यंत जाते, तर दुसरं नाणं नंतर पडलं. यात वाद नाही. आता समजा बाईची डाय एकच, पण मागची गरुडाची डाय वेगळी, तर कोणती जोडी आधी चालली ते याच चिरेवरून ठरतं. कधी कधी पहिली जोडी, मग दुसरी, मग पुन्हा पहिलीच लावलेली सापडते. म्हणजे त्या दिवशी प्रेसवरच्या माणसाने एक डाय काढली, बाजूला ठेवली आणि पुन्हा चढवली. असल्या सेटिंगची नोंद कुठल्या रजिस्टरात सापडायची आशा नसते, पण नाण्यावर ती आहे. मी आयुष्यभर शेवटच्या पिसावरून हेच वाचत आले, त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वीच्या एका अनोळखी शॉपची शिफ्ट आपल्या टेबलावर उलगडते तेव्हा मला जो आनंद होतो तो मी लपवणार नाही.

इथेच मायक्रोस्कोप भिंगाच्या पुढे जातो. भिंगातून एकटीने बघायचं असतं. पडद्यावर दोघं बघू शकतात. शनिवारी संध्याकाळी, भाच्याकडे सकाळ असते तेव्हा, मी पडदा शेअर करते, तो त्याच्याकडचं त्याच सनाचं नाणं कॅमेऱ्याखाली ठेवतो, आणि आम्ही चिरेचं टोक शोधतो. फोटो काढून ठेवता येतात. दिवा कुठे होता ते फोटोच्या नावातच लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी तुलना जुळणार नाही.

सॉफ्टवेअरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. खोक्यात सीडी येते, ती लावायला आजच्या लॅपटॉपला जागा नाही, आणि तिची गरजही नाही. विंडोजचं साधं कॅमेरा ॲप यंत्र ओळखतं. मोबाइलला जोडायचं तर ओटीजी वायर लागेल. पडद्यावर मोजमाप करायची सोय देणारी ॲप्स आहेत, पण फोकस जरा हलला की माप बदलतं, म्हणून प्रत्येक वेळी शेजारी पट्टी ठेवल्याशिवाय त्या आकड्यांवर मी सही करणार नाही.

१८१२चं एक झिजलेलं नाणं माझ्याकडे आहे. त्याचा तेरावा तारा मी सगळ्यांना दाखवते. ही नक्षी जॉन राइख यांची. जर्मनीहून आलेला हा कारागीर १८०७ ते १८१७ या काळात त्याच टांकसाळीत सहायक होता. त्याच्या काळातल्या अनेक डायवर तेराव्या ताऱ्याच्या बाहेरच्या टोकाला इवलीशी खाच असते, आणि ती त्याची खूण होती असं संग्राहक मानतात. तीस पटीला, डावीकडून आडव्या उजेडात, ती खाच अशी दिसते की पंचाचं टोक मुद्दाम घासलंय हे टूल रूममधल्या माणसाला सांगावं लागत नाही. या एका ताऱ्यासाठीसुद्धा अडीच हजार मी आनंदाने दिले असते.

१७९०च्या दशकातल्या डॉलर-अर्ध्या डॉलरवर समांतर खोल रेषा दिसल्या तर त्यांना ओरखडे म्हणून नाणं टाकू नका. चकती वजनाला जास्त भरली की ठोकण्याआधी कानशीने घासून तिचं वजन बरोबर करत. त्या कानशीच्या खुणा ठोक्यातही पूर्ण दबल्या नाहीत. हे काम करायला १७९५मध्ये त्या टांकसाळीने सारा वॉल्ड्रेक आणि रेचल समर्स या दोघींना घेतलं. त्या तिथल्या पहिल्या स्त्री कामगार. तराजू आणि कानस घेऊन चकत्या तपासणाऱ्या बायका, म्हणजे आमच्याच खात्यातल्या. त्यांची नावं मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहेत.

ज्यांच्याकडे अमेरिकन नाणी नाहीत त्यांनाही हे यंत्र उपयोगी आहे. बहुतेक घरांत आजीच्या डब्यात राणीचा एखादा रुपया निघतो. १८४० सालच्या रुपयांत एकावर राणीच्या डोक्याभोवतीची अक्षरं सलग जातात, दुसऱ्यावर डोक्याने तुटतात, हा फरक साध्या डोळ्यांनाही दिसतो. १८३५च्या रुपयावर राजाच्या मानेच्या कापावर 'एफ' किंवा 'आर.एस.' अशी बारीक अक्षरं शोधायला मात्र भिंग हवं. १८६२ सालचा रुपया पुढे बारा वर्षं तोच सन घालून पाडत राहिले, आणि त्यावरचे बारीक ठिपके मोजण्यात अख्खी दुपार छान जाते.

आणि खोटी नाणी. फुटपाथवर '१८०४चा अमेरिकन डॉलर' विकायला असतो. १८०४ सालचे खरे डॉलर जगात जेमतेम पंधरा-सोळा माहीत आहेत, तेव्हा मायक्रोस्कोप काढायचीही गरज नाही, पुढे चालू लागा. अर्धा डॉलर खरा का, ते आधी वजनावर पाहा. १८३६पर्यंतचा जुना, काठावर अक्षरं असलेला अर्धा डॉलर १३.४८ ग्रॅमचा आणि ३२.५ मिलिमीटरचा असतो. फार झिजलेला असेल तर वजनात थोडी घट धरा. मग काठ. त्यावर 'फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर' अशी अक्षरं असायला हवीत. मग पृष्ठभाग. ओतीव नाण्यावर चाळीस पटीला गोल छिद्रं आणि फुगलेल्या अक्षरांच्या बोथट कडा दिसतात. ठोकलेल्या नाण्यावर अक्षराची कड तीक्ष्ण असते आणि शेजारची चांदी काठाकडे वाहत गेल्यासारखी दिसते.

ठाण्याच्या हवेबद्दल एक सूचना. पावसाळ्यात खाडीकडचं वारं घरात येतं आणि लेन्सवर वाफ धरते. मी यंत्र सिलिका जेलच्या पुडीबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. नाणी मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्याचा हिरवा चिकट थर चांदीवर बसतो. मायलर प्लॅस्टिकची पाकिटं घ्या. आणि नाणं कॅमेऱ्याखाली ठेवताना खाली सुती कापड घाला, धरायचं ते काठाला.

कोणी घ्यावं? ज्यांच्याकडे आधीच चांगलं भिंग आहे, ज्यांना फोटो साठवायचे आहेत, दुसऱ्या गावातल्या माणसाबरोबर नाणी ताडून पाहायची आहेत, त्यांनी जरूर. ज्यांना नुसतं घरातलं एखादं नाणं कोणत्या सनाचं ते पाहायचंय त्यांना ट्रिपलेट भिंग आणि टेबललॅम्प पुरे. चार-पाच हजारांचं, स्वतःचा पडदा असलेलं मॉडेल घेऊ का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. माझं मत नको. तो पडदा छोटा असतो, आणि तेच पैसे स्टँडच्या लोखंडात घातले तर चित्र जास्त सुधारतं. माझं स्टँड रॉड, प्लेट आणि मजुरी धरून बाराशेत झालं. रेखाचित्र हवं असेल तर खाली विचारा, मापांसकट देते. फक्त रॉड सोळाचाच घ्या.